क्लिफची हजेरी

१

शनिवारी दुपारी दोन वाजले की नोरीन हॅलिवेल घराला कुलूप लावायची, पर्समध्ये हंगामाची दोन्ही कार्डं आहेत ना ते बोटांनी चाचपून बघायची आणि टेकडी उतरून फुटबॉलच्या मैदानाकडे निघायची. एक कार्ड तिचं, एक क्लिफचं. पूर्वेचा स्टँड, रांग एन, एक्केचाळीस आणि बेचाळीस. एकतीस वर्षं त्या दोन खुर्च्या हॅलिवेलांच्याच होत्या. त्यांचा संघ, ब्रॅकनशॉ टाउन, वर चढला, खाली घसरला, एकदा तर क्लबच बंद पडता पडता वाचला, पण शनिवारचा हा नेम चुकला नाही.

क्लिफ ऑगस्टमध्ये गेला. हंगामाचा पहिला सामना होऊन आठच दिवस झाले होते. इस्पितळातल्या त्या शेवटच्या दुपारी तोंडावरचा मास्क बाजूला सारून तो म्हणाला, "माझी खुर्ची जाऊ देऊ नकोस, नोरीन. पोरगी परत येईल. तिला बसव तिथं."

"बसवीन," नोरीन म्हणाली. हातात जपमाळ होती. माळेवर हात ठेवून दिलेला शब्द, म्हणजे तिच्या लेखी नवसच.

पोरगी म्हणजे हेदर. दूर उत्तरेला ॲबर्डीनला नर्स होती. लग्न मोडलं होतं, तिथं मन रमत नव्हतं, आणि एप्रिलपासून ती ब्रॅकनशॉच्याच इस्पितळात रुजू व्हायची होती. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून तिनं सामने पाहिले होते. आता खुर्ची तिची.

पण त्यात एक अडचण होती. टाउन यंदा वरच्या विभागात गेलेलं. कार्डांसाठी हजारभर माणसं ताटकळलेली. म्हणून क्लबनं नियम काढला होता: घरच्या मैदानावरच्या तेवीस सामन्यांपैकी एकोणीसना हजेरी लागलीच पाहिजे. लागली तर हंगामाच्या शेवटी खुर्ची घरातल्या माणसाच्या नावावर करता येते, नाही तर गेली. आणि कार्डाचा मालकच हयात नाही असं कळलं, तर कार्ड त्याच दिवशी बंद.

तेव्हा नोरीननं क्लबला कळवलंच नाही. ती फाटकाशी आली की आधी क्लिफचं कार्ड यंत्रावर टेकवायची. हिरवा दिवा लागायचा. मग ती लोखंडी फिरतं फाटक हातानं ढकलून एक फेरा रिकामाच जाऊ द्यायची, खटक्! त्यानंतर आपलं कार्ड टेकवून स्वतः आत.

फाटकावर पिवळ्या जाकिटातली ब्रेंडा असायची. तिला सगळं ठाऊक होतं. ती फाटकाकडे वाकून म्हणायची, "या, या, क्लिफसाहेब! पोट आत घ्या, अडकाल!" आणि दोघी हसायच्या. एवढ्या निष्पाप लबाडीला देव काय म्हणणार, असं नोरीनला वाटे.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी तिनं क्लिफचं कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, आणि तिनं फाटक ढकललं. ते हललं नाही.

तिनं दोन्ही हात लावले. तेव्हा ते फिरलं, पण सावकाश, जड. आत माणूस असला आणि तो आपल्या चालीनं चालला असला की जसं फिरतं, तसं.

"गंजलंय वाटतं," ती म्हणाली.

"काल तर तेल घातलंय," ब्रेंडा म्हणाली. त्या दिवशी ती नेहमीचं वाक्य म्हणायला विसरली.

२

मैदानातल्या खुर्च्या मिटणाऱ्या असतात. माणूस उठला की बैठक फटकन वर जाऊन पाठीला चिकटते. रिकामी खुर्ची म्हणजे मिटलेली खुर्ची. बेचाळीस नंबर ऑगस्टपासून मिटलेलीच होती. नोरीन तिच्यावर पर्ससुद्धा ठेवत नसे.

त्या शनिवारी ती जागेवर आली तेव्हा बेचाळीसची बैठक खाली होती.

तिनं ती वर केली. ती हळूहळू पुन्हा खाली आली.

"स्प्रिंग गेली," डाव्या हाताला, चाळीस नंबरवर बसणारा म्हातारा विल्फ म्हणाला. विल्फ ऐंशीचा. सहासष्ट वर्षांच्या नोरीनला तो अजून पोरी म्हणायचा. "जायचीच. क्लिफचं बूड काय कमी वजनाचं होतं का? एकतीस वर्षं सोसलं बिचारीनं."

"विल्फ, मेलेल्या माणसाबद्दल काय बोलता!"

"जिवंत असतानाही हेच बोलायचो की, पोरी. तोंडावर बोलायचो."

नोरीन हसली. स्प्रिंगचं तिला पटलं. वस्तू बिघडतात.

मध्यंतर संपता संपता पलीकडच्या पायऱ्यांवरून एक तरुण माणूस हातात खिम्याची गरम पाई आणि बिअरचा पेला सांभाळत रांगेत शिरला. बेचाळीस नंबर पायऱ्यांच्या अगदी कडेला होता. पुढे जायचं तर आधी त्याच्यासमोरून, मग नोरीनसमोरून. तो आडवा होत, पोट आवळत, बेचाळीससमोर आला. "सॉरी हं, काका," तो म्हणाला आणि कुणाचे तरी गुडघे चुकवावेत तसं त्यानं पाऊल उचलून पलीकडे टाकलं. मग नोरीनकडे बघून "सॉरी, काकू," म्हणाला आणि पुढे निघून गेला.

नोरीननं चहाचा कप खाली ठेवला.

तिला विचारता आलं असतं. तो चार खुर्च्या सोडूनच बसला होता. पण तिनं विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिला त्या वेळी भीती वाटली नाही. डोळे भरून आले. तीन महिने घरात दुसऱ्या खोलीत रेडिओ लावून ठेवणाऱ्या बाईला असं काही झालं तर ती आधी विचार कसला करते, ते ज्याचं त्यालाच कळावं.

पुढच्या सामन्याला तिनं थर्मासबरोबर दोन कप नेले. एक भरून बेचाळीसच्या समोरच्या कठड्यावर ठेवला. "घे," ती पुटपुटली. "आपले आज फार वाईट खेळतायत."

फाटक आता दर वेळी जड फिरायचं. तीही दर वेळी दोन्ही हात लावून, अगदी जपून ढकलायची. क्लिफचा गुडघा मोडका होता ना.

३

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. मैदानावरचं गवत पांढरट झालं होतं. समोर पाहिलं तर अख्ख्या स्टँडमधून वाफा निघत होत्या. हजारो माणसं एकाच दिशेला तोंड करून बसलेली, हजारो श्वास एकाच दिशेला, मैदानाकडे जाणारे. नोरीनला ते नेहमी चर्चमधल्या धुपासारखं वाटायचं.

खेळ रंगात आला असताना तिला उजव्या गालावर उबदार ओल जाणवली.

वारा असेल म्हणून तिनं मफलर वर ओढला. ओल थांबली. मग पुन्हा आली. थांबली. पुन्हा आली. तिनं नजर समोरच ठेवली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. उजवीकडून वाफेचा एक छोटासा ढग येत होता. तो मैदानाकडे जात नव्हता, आडवा, तिच्या गालाकडे येत होता, आणि अगदी जवळून.

पायऱ्यांकडचा वारा, ती स्वतःला म्हणाली. खालच्या बोळातून वर चढतो, वळतो. पण वारा श्वास घेण्यासाठी थांबतो का?

तिनं खिशातली जपमाळ धरली. क्लिफ असेल तर तो सामना का बघत नाही? तो तर लग्नाच्या फोटोतसुद्धा तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या दुकानातल्या टीव्हीवरच्या स्कोअरकडे बघत होता. एवढ्या जवळून, एवढा वेळ, एवढं लक्ष देऊन त्यानं तिच्याकडे उभ्या आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

तरी ती येत राहिली. शब्द दिलेला होता. त्या दिवसापासून तिनं दुसरा कप मात्र नेला नाही.

मार्चमधला एक सामना. शून्य-शून्य, शेवटची दोन मिनिटं, आणि टाउनच्या ठेंगण्या पोरानं गर्दीतून कसाबसा चेंडू ढकलला. गोल! सगळा स्टँड एकदम उभा राहिला. आजवर गोल झाला की नोरीनही उडी मारून आभाळाकडे बघायची, आजूबाजूला बघायचं भानच नसायचं. पण त्या दिवशी विल्फनं आनंदाच्या भरात तिला मिठी मारून गर्रकन फिरवली आणि तिचं तोंड उजवीकडे झालं.

पुढच्या रांगेत, मागच्या रांगेत, दिसेल तिथपर्यंत सगळ्या खुर्च्या मिटल्या होत्या. सगळी माणसं उभी होती. एक बेचाळीसची बैठक खाली होती.

एका वर्षी पोटाला टाके असताना, डॉक्टरांनी हलू नको म्हणून बजावलेलं असतानासुद्धा क्लिफ गोलला उभा राहिला होता. टाके उसवले होते. टाउनचा एकही गोल त्यानं बसून पाहिला नव्हता.

"काय गं पोरी, पांढरी पडलीस!" विल्फ तिच्या कानात ओरडला. "जिंकलो आपण!"

तिच्या उजव्या गालावर मंद, उबदार श्वास येत होता.

४

त्यानंतर लागोपाठ तीन सामने ती घरी बसली. छातीत कफ झालाय, असं तिनं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये तापामुळे एक चुकला होताच. सतरा हजेऱ्या झाल्या होत्या आणि दोन सामने उरले होते. आता एकही चुकवून चालणार नव्हतं.

विल्फ घरी आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. "आत येत नाही, बूट चिखलानं भरलेत. एवढंच विचारायला आलो, शनिवारी येतेस ना?"

"बघते."

"बघते काय? पोरीची खुर्ची आहे. क्लिफ शेवटी एवढंच बोलत होता, माझ्यासमोर. सगळा वॉर्ड ऐकत होता." मग तो जरा घुटमळला. "एकट्याला करमत नाही गं तिथं."

"विल्फ, तुम्हाला बेचाळीसवर कधी कुणी…" तिनं वाक्य अर्धवट सोडलं.

"कुणी काय?"

"काही नाही. येते मी."

नऊ दिवस तिनं प्रार्थना केली. पवित्र मातेसमोर रोज एक मेणबत्ती लावली. दहाव्या दिवशी फाटकाशी उभी राहिली. आकाश निळं होतं, लख्ख ऊन होतं. तिनं क्लिफचं कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, तिनं डोळे मिटले आणि ढकललं.

फाटक भिरकन फिरलं. हलकं, रिकामं. तिचा तोल जाता जाता राहिला.

"बाई गं, जरा हळू!" ब्रेंडा हसली.

वर बेचाळीस नंबरची खुर्ची मिटलेली होती. नोरीननं तिच्यावर हात ठेवून पाहिला. थंडगार प्लास्टिक. ती नव्वद मिनिटं रडत होती आणि हसत होती. टाउन तीन गोलांनी हरलं, आणि विल्फला वाटलं ती त्यासाठी रडतेय. "मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. यांच्यासाठी रडायला लागलीस तर डोळे जातील."

प्रार्थना ऐकली गेली होती. अठरा. आता एकच उरला, आणि त्या दिवशी तर हेदर स्वतः येणार, स्वतःच्या पायांनी फाटकातून जाणार. रिकामा फेरा पुन्हा फिरवावा लागणार नव्हता.

सामना संपला की मोठी फाटकं उघडतात. आत येताना प्रत्येकाची मोजदाद, बाहेर जाताना कुणी विचारत नाही. नोरीन गर्दी ओसरेपर्यंत बसली, मग उतरली. बाहेरचं फाटक ब्रेंडानं धरून ठेवलं होतं.

"पुढच्या शनिवारी हेदरला घेऊन येते हं," नोरीन म्हणाली आणि बाहेर पडली.

ब्रेंडानं फाटक सोडलं नाही. ती नोरीनच्या मागे बघत होती. कुणाला तरी वाट द्यावी तशी जरा बाजूला सरली, मान लववली. मग कौतुकानं म्हणाली, "काय गं नोरीन, तुला बहीण आहे ते बोलली नाहीस कधी! अगदी तुझाच चेहरा."

नोरीनला बहीण नव्हती.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. टेकडी चढताना पाहिलं नाही, घराचं दार उघडताना पाहिलं नाही. दार लावून पाठ टेकून ती उभी राहिली आणि बाहेर पावलं वाजतायत का ते ऐकत राहिली. वाजत नव्हती. ब्रेंडाचा चष्मा जुना झालाय. उन्हानं डोळे दिपतात. मागून कुणी तरी बाई येत असेल, साठीच्या बाया सगळ्या सारख्याच दिसतात. तिनं अशी एकेक समजूत काढली, आणि प्रत्येक समजूत पटण्याजोगी होती.

५

हेदर बुधवारी आली. दोन बॅगा, एक कुंडी, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "उद्या बाबांच्या खुर्चीवर. मी तर झोपणारच नाहीये आज."

नोरीननं काटा खाली ठेवला. "उद्या नको जायला."

"का?"

"डोकं दुखतंय माझं."

"आज दुखतंय. सामना उद्या आहे." हेदर हसली, मग थांबली. "आई, एकोणीस ना? उद्या गेलो नाही तर खुर्ची जाईल."

"खुर्चीच आहे ती. जाऊ दे."

हेदरनं ताट बाजूला सारलं. "वर्षभर फोनवर मला दुसरं काही सांगितलं नाहीस तू. बाबांना शब्द दिलाय, शब्द दिलाय. आणि आता जाऊ दे?"

नोरीननं रात्री दोन्ही कार्डं पर्समधून काढली आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात, नाताळच्या टेबलक्लॉथच्या घडीत ठेवली. ती जागा तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

शनिवारी बारा वाजता ती चर्चमध्ये रविवारची फुलं लावायला गेली. हेदर सोफ्यावर पाय घेऊन वाचत बसली होती, रागातच. फुलं लावून झाल्यावर नोरीन गुडघ्यांवर बसली. तिनं आयुष्यात कधी नवस मोडला नव्हता. "क्लिफ," ती म्हणाली, "शब्द मोडतेय. तू रागाव. खुर्ची गेली तर गेली. मला पोरगी हवी आहे." तिला एकदम हलकं वाटलं. वाटेत तिनं हेदरला आवडणारा लिंबाचा केक घेतला.

पावणेतीनला ती घरी आली. दार लोटलेलं होतं.

"हेदर?"

सोफ्यावर पुस्तक पालथं होतं. स्वयंपाकघरात टेबलावर दोन कप होते, समोरासमोर. नोरीननं एकाला हात लावला. अजून कोमट होता. दुसऱ्याला लावला. तोही कोमट, तळापर्यंत प्यायलेला, आणि तो तिचा स्वतःचा कप होता. समोरची खुर्ची टेबलापासून जराशी सरकवलेली, तिरकी. बसणाऱ्यानं समोरच्या माणसाकडे अगदी जवळून बघावं अशी.

खालचा खण उघडा होता. टेबलक्लॉथची घडी नीट, हलक्या हातानं उलगडलेली. कार्डं नव्हती.

केक तिच्या हातातून केव्हा पडला ते तिला कळलं नाही. टेकडीवरून ती धावत उतरली, सहासष्ट वर्षांची बाई, कोटाची बटणं उघडी. मैदानातून गाण्याचा गजर ऐकू येत होता. फाटकाशी आता कुणी नव्हतं, सगळे आत गेले होते. एकटी ब्रेंडा होती.

"अगं?" ब्रेंडा म्हणाली. "तू बाहेर कशी आलीस?"

"हेदर कुठंय?"

"असं काय करतेस? आत्ता अर्ध्या तासापूर्वी तर गेलात की दोघी. तू आधी, ती मागून. हातात हात घालून." तिनं नोरीनच्या कोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि तिचं हसू हळूहळू विरलं. "हाच कोट होता."

"उघड, ब्रेंडा."

"कार्ड…"

"उघड!"

ब्रेंडानं बाजूचं दार उघडलं.

नोरीन बोळातून धावली, पायऱ्या चढली आणि स्टँडच्या माथ्यावर उजेडात आली. खाली संघ मैदानात येत होते. माणसं टाळ्या वाजवत होती, सगळे चेहरे हिरवळीकडे. ती कठडा धरून रांगा मोजू लागली. क्यू, पी, ओ. एन.

हेदरचे तांबूस केस तिनं लगेच ओळखले. पोरगी पायऱ्यांच्या कडेला, बेचाळीसवर बसली होती. तिचं डोकं शेजारणीच्या खांद्यावर होतं. बापाच्या अंत्ययात्रेनंतर तिनं असं डोकं कुणाच्या खांद्यावर टेकलं नव्हतं. शेजारणीच्या अंगावर नोरीनच्यासारखाच करडा कोट होता, मानेवर पिकल्या केसांचा अंबाडा. पलीकडे विल्फ तिला काहीतरी सांगत खदखदून हसत होता. आणि त्या एवढ्या माणसांत शेजारीण एकटीच मैदानाकडे बघत नव्हती. ती मान वळवून, अगदी जवळून हेदरच्या चेहऱ्याकडे बघत होती. मन लावून. पाठ करावं तसं.

"हेदर!" नोरीन ओरडली.

हाकेला वळली ती दुसरी.

क्षणभरच. नोरीनला गाल दिसला, कानातली मोत्याची कुडी दिसली, आणि एक डोळा. त्यात राग नव्हता, ओळखही नव्हती. दाराशी कुणी चुकून आलं तर दार उघडून आपण जसं बघतो, तसं तो बघत होता.

मग हेदरनंही तिच्या नजरेमागे वळून वर पाहिलं. तिचे डोळे नोरीनवर आले, थबकले, पुढे सरकले. पुन्हा मागे आले. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. गलक्यात शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं, पण लेकीचे ओठ आईला दुरूनही वाचता येतात.

"आई," हेदर शेजारणीला विचारत होती, "ही बाई कोण गं?"

नोरीननं खिशातली माळ मुठीत घट्ट धरली, कठडा सोडला आणि पहिली पायरी उतरली.